बसलेला हात

दुसऱ्यांदाही सुई चुकली तेव्हा तिला आधी लाज वाटलीच नाही, नवल वाटलं. जिना संपलेला असताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तो धप्पकन सपाट जमिनीवर आदळावा, तसं. सकाळच्या नाश्त्याची वेळ होती. मनोविकार वॉर्डात आठवड्यापूर्वी दाखल झालेली एक कॉलेजातली मुलगी, चार दिवस घोट-दोन घोट पाण्यावर काढलेली, जेवणघरातल्या खुर्चीवरून घसरून खाली बसली होती. काही आवाज न करता, जणू टेबलाखाली पडलेला चमचा उचलायला वाकली असावी. तिला पलंगावर आणलं, पाय उंच केले, डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं. ड्युटीवरच्या तिघी सिस्टरांत आपणच जुन्या, म्हणून ट्रे आपोआप आपल्याकडे आला, हे तिला नंतर आठवत राहिलं. तिनं मुलीच्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत बोट फिरवलं. बोटाखाली काहीच नव्हतं. म्हणजे कातडी होती, तिच्याखाली मऊ मांस होतं, पण दाबलं की परत वर येणारं, बोटाला हळूच ढकलणारं ते जे असतं, ते नव्हतं. किंवा असेल, बोटालाच कळलं नाही. तिनं अंदाजानं सुई घातली. मग दुसऱ्यांदा, मनगटाजवळ. मुलगी छताकडे बघत होती, तिनं हूं की चूं केलं नाही. शेवटी कुणीतरी फोन केला आणि खालून कॅज्युअल्टीतली एक सिस्टर आली. अंबाड्यात पेन खोचलेलं, वय असेल चोवीस-पंचवीस. तिनं मुलीचा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबू दिला, दोन चापट्या मारल्या, आणि 'नाव काय गं तुझं' असं विचारता विचारताच सुई आत. मागच्या नळीत रक्ताचा ठिपका उमटला. "होतं ताई असं," निघताना ती समजुतीच्या स्वरात म्हणाली. "इथं हाताला काम कुठं असतं तुमच्या?"

वाक्य साधं होतं, त्यात खोच नव्हती. खोच असती तर बरं झालं असतं, तिला उत्तर देता आलं असतं. दिवसभर ती गोळ्या वाटत होती, नोंदी लिहीत होती, रडणाऱ्या एका बाईजवळ बसून होती, आणि मधूनच उजव्या हाताचं मधलं बोट अंगठ्यावर घासून बघत होती. हेच ते बोट. एके काळी तिसऱ्या मजल्यावरच्या सर्जिकल वॉर्डात या बोटाची ख्याती होती. तिला तिथं सगळे 'एकदाच' म्हणायचे. तिनं सुई घातली की एकदाच, दुसऱ्यांदा टोचायची वेळ यायचीच नाही. आधी मैत्रिणी चिडवायला म्हणायच्या, मग डॉक्टर म्हणायला लागले, मग पेशंटसुद्धा. ड्रेसिंगच्या ट्रॉल्या खडखडत असायच्या, स्पिरिटचा वास नाकात भरलेला असायचा, आणि त्या गोंधळात कोपऱ्यातल्या पलंगावरून एखादे आजोबा विचारायचे, "आज एकदाच सिस्टर नाहीत का हो?" ती असायची. ती कुठंतरी दोन पलंगांच्या मधून पळत असायची, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा धरलेला, दोन्ही हातांत काही ना काही. तेव्हाच्या मोठ्या सिस्टर, ज्यांच्या चपलेची टकटक ऐकून अख्खा वॉर्ड चादरी सारख्या करायचा, त्यांनी तिला पहिल्या आठवड्यातच डोळे मिटायला लावले होते. "डोळे खोटं बोलतात. दिसते ती शीर असतेच असं नाही. बोटाला विचार." ती डोळे मिटायची, आणि आजूबाजूचा गलका लांब जायचा, आणि बोटाखाली कुणाचं तरी रक्त वाहताना तिला स्वच्छ कळायचं. तसं कळणं पुन्हा कशात आलं नाही तिच्या वाट्याला. लग्नात नाही, बाळंतपणात नाही. बाळंतपणात तर तिलाच कुणीतरी तीनदा टोचलं होतं, आणि ती कळांमध्येसुद्धा त्या सिस्टरला 'थोडं वर बघ, थोडं वर' असं शिकवत होती.

त्या बाळंतपणामुळंच ती इथं आली. मुलगी लहान, नवऱ्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं, म्हणजे कुठं कोण दोन मजल्यांमध्ये अडकेल आणि त्याला कधी पळावं लागेल याचा नेम नाही. मनोविकार वॉर्डात दिवसपाळी मिळत होती. सहा महिन्यांसाठी म्हणून ती खाली आली आणि नऊ वर्षं झाली. पहिल्या दिवशी तिला काय करावं तेच सुचेना. ट्रॉली नाही, ड्रेसिंग नाही, घाई नाही. तिनं इन-चार्जना विचारलं, "मी आता काय करू?" त्या म्हणाल्या, "बस." ती उभीच राहिली. बसायचं म्हणजे काय, आणि बसायचा पगार कोण देतं, असं तिला वाटत होतं. तिनं औषधांचं कपाट पुसून काढलं, मग पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी इन-चार्जनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला खिडकीजवळच्या खुर्चीत एका पेशंटसमोर नेऊन बसवलं. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. सर बोलत नसत. एका कागदावर नद्या काढत, नुसत्या नद्या, गावं नाहीत, सीमा नाहीत. ती रोज सकाळी अर्धा तास त्यांच्यासमोर बसायची. आधी आठवडाभर तिनंच बडबड केली: हवा, नाश्ता, लेकीचे दात. मग तिचा साठा संपला. मग दोघं गप्प बसायला लागली. एक्केचाळिसाव्या दिवशी सर म्हणाले, "खिडकी बंद करा." ती इतकी हरखली की धावत जाऊन सगळ्यांना सांगून आली, आणि परत येऊन बघते तर खिडकी उघडीच, आणि सर तिच्याकडे असे बघतायत जसं वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलाकडे बघावं.

हे सगळं कुणाला सांगितलं तर लोक हसतात, छान म्हणतात, पण ते 'काम' या खात्यात पडत नाही, हे तिला माहीत होतं. नणंद आली की विचारायची, "तुमच्याकडे काय, नुसतं बोलायचंच असतं ना?" आणि तिला वाटायचं सांगावं की नाही हो, नुसतं न बोलायचं असतं, पण त्यावर पुढं काय बोलणार? आतापर्यंत तिला या गोष्टीचं हसू यायचं. त्या सकाळनंतर येईना. दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजातल्या मुलीच्या हातावर दोन जागी निळं झालं होतं. मुलगी आता पेजेचे चार चमचे घेत होती. ती तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "काल मी तुला दोनदा टोचलं. दुखलं असेल." मुलीनं स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं. "नाही," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "तुम्ही घाबरला होतात." ते प्रश्नासारखं नव्हतं. खरं होतं. चाळिशी उलटलेली, एकोणीस वर्षं नोकरी झालेली बाई एका पोरीच्या कोपराला घाबरली होती.

तिला आपल्या वडिलांची आठवण आली, ती काही पहिल्यांदा नव्हे, पण या बाजूनं पहिल्यांदा. वडील शिंपी होते. आधी स्वतःचं छोटं दुकान होतं, त्यात ते सगळं शिवायचे: कोट, परकर, गाद्यांचे अभ्रे, एकदा तर कुणाच्या तरी पोपटाच्या पिंजऱ्याची खोळ. मग शर्टांचा कारखाना निघाला आणि ते तिथं लागले, कॉलरवर. नुसत्या कॉलरी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलर आली, टीप मारली, पुढं सरकवली. त्यांच्या कॉलरीला तोड नव्हती. ती चौथीत असताना शाळेच्या कार्यक्रमाला तिला फ्रॉक हवा होता, आणि आई म्हणाली, घरात शिंपी असताना विकत कशाला आणायचा? वडिलांनी कापड अंथरलं, खडू घेतला आणि बसून राहिले. किती वेळ. बाहीचा आकार त्यांना आठवत नव्हता. मग त्यांनी कापलं, शिवलं, उसवलं, पुन्हा शिवलं. उजवी बाही खांद्यात धरायची, डावी फुगायची. आई कमरेवर हात ठेवून बघत होती, ती म्हणाली, "अहो, पण कॉलर किती छान झालीये!" आणि आई हसली, ती हसली, वडीलही हसले. पण हसता हसता ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. तो फ्रॉक तिनं घातला. हात वर करायचा नाही एवढं सांभाळत तिनं गाणं म्हटलं. वडील पुढच्या रांगेत बसले होते, आणि गाणं सोडून तिच्या खांद्याकडे बघत होते. तेव्हा तिला वाटलं होतं की त्यांना फ्रॉक आवडलाय.

बदलीची सूचना फळ्यावर लागलेलीच होती: सर्जिकल वॉर्डात एक जागा रिकामी. ती मेट्रनबाईंकडे गेली. मेट्रनबाई तिच्या जुन्या ओळखीच्या, एके काळच्या तिच्याच वरच्या बॅचच्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू? तुला काय खालून हाकललं का कुणी?"

"नाही. हात जातोय माझा."

"हात जातो तर जाऊ दे. इथं तुझ्यासारखी बसणारी मला मिळत नाही. सुया टोचणाऱ्या ढीगभर आहेत."

"सहा महिने जाऊन परत आले तर?"

"ते जमायचं नाही. तू गेलीस की तुझी जागा भरणार. बाळंतिणींच्या वॉर्डातली एक जण केव्हाची मागतेय. शुक्रवारपर्यंत सांग. आणि जायच्या आधी वर जाऊन एकदा बघून ये. नऊ वर्षांत आम्ही भिंतीसुद्धा हलवल्यात."

घरी तिनं विषय काढला तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला. "तुला तिथं काही त्रास आहे का?" नाही. "मग वर बढती आहे?" नाही. "मग मला कळत नाही," तो म्हणाला, आणि खरंच त्याला कळत नव्हतं, तो प्रामाणिक माणूस होता. "मी गेली वीस वर्षं लिफ्टच दुरुस्त करतोय. मला कुणी पंखा दुरुस्त करायला सांगितला तर मी सांगतो, येत नाही. त्यात काय एवढं?" लेक आता पाचवीत होती, पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, ती पंख्याबद्दल बोलत नाहीये." मग थोड्या वेळानं, "आई, तू वॉर्डातल्या लोकांना पूर्ण बोलू देतेस ना? घरात कधी देत नाहीस." नवरा मोठ्यानं हसला. ती पण हसली. पण भांडी आवरताना तिला वाटलं, या दोघांना 'एकदाच' माहीतच नाही. नवऱ्यानं तिला त्या वॉर्डात कधी पाहिलं नव्हतं, लेकीनं तर नाहीच. ती पळणारी, तोंडात चिकटपट्टी धरलेली मुलगी या घरात कधी राहायलाच आली नाही.

बुधवारी दुपारी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. जिन्यानं गेली, पूर्वीसारखी, आणि दुसऱ्या मजल्यावरच धाप लागली. दार सरकतं झालं होतं. आत शिरताना तिनं नकळत श्वास भरून घेतला, तो वास येईल म्हणून. पण वास नव्हता, कसलाच नव्हता. पूर्वीच्या हिरव्या भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. ट्रॉल्यांची चाकं रबरी, आवाज नाही. टोकाच्या खिडकीत रुंद कट्टा होता, तिथं ती आणि तिच्या दोन मैत्रिणी चहाचे कप ठेवायच्या आणि पाच मिनिटांत अख्ख्या जगाची उणीदुणी काढायच्या. एकीचं पुढं लग्न झालं आणि ती समुद्रापलीकडे गेली, दुसरी गेली ती कायमचीच, आजारानं, याच मजल्यावर. कट्टा नव्हता. खिडकीही नव्हती, तिथं साहित्याची खोली केली होती. तिनं त्या भिंतीवर हात ठेवला आणि लगेच काढला, कुणी बघेल म्हणून. एका पलंगाशी एक तरुण सिस्टर पेशंटच्या हातावर छोटं यंत्र धरून उभी होती, त्यातून लालसर उजेड पडत होता आणि त्या उजेडात कातडीवर शिरा काळ्या दिसत होत्या, फाटे फुटलेल्या, स्वच्छ. "ताई, बघा ना," ती कौतुकानं म्हणाली, "सगळं दिसतं. शोधायचं कामच नाही." तिनं पाहिलं. मोठ्या सिस्टरांना काय वाटलं असतं? त्या बहुधा म्हणाल्या असत्या, यंत्र बंद कर आणि डोळे मीट. पण त्या आता नव्हत्या, आणि पेशंटला काही वाईट होत नव्हतं, उलट एकदाच टोचलं जात होतं त्याला. तिथल्या इन-चार्ज तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या, आणि फार नीट बोलत होत्या. "तुमचा अनुभव आहेच. पण तुम्हाला पहिले तीन महिने दुसऱ्या सिस्टरबरोबर काम करावं लागेल. पंप सगळे नवीन आहेत. नोंदी संगणकावर. राग मानू नका."

राग नव्हता. जिना उतरताना ती मधल्या वळणावर थांबली. तिथून आवारातलं झाड दिसायचं आणि दोन माळी पाइपनं पाणी घालत होते, एकमेकांच्या पायांवर उडवत होते. तिला एवढंच कळत होतं की आपण ज्या वॉर्डाला परत जायचं म्हणत होतो तो वॉर्ड आता कुठं नाही. म्हणजे गेले चार दिवस ती हाताबद्दल बोलत होती ते सगळं खोटं होतं का? तिला शीर सापडायला हवी होती, की ती खिडकी, तो कट्टा, ते तिघींचे तीन कप, आणि चोवीस वर्षांची ती स्वतः? हे कळल्यावर तिला मोकळं वाटायला हवं होतं. मग राहावं इथंच, बसावं खिडकीजवळ, असं सरळ ठरायला हवं होतं. पण तसं होईना. जुनी ती वजा केली, कट्टा वजा केला, मैत्रिणी वजा केल्या, कौतुक वजा केलं, तरी खाली काहीतरी उरतच होतं: त्या मुलीच्या हातावरचे दोन निळे डाग, आता कडेनं पिवळे पडत चाललेले. सकाळी जेवणघरात पुन्हा कुणी घसरलं तर? खालून ती कॅज्युअल्टीतली पेनवाली येईल, तीन-चार मिनिटांत येईल. ती तीन-चार मिनिटं आपण काय करणार? आपण समजूत घालू, हात धरू, गप्प राहू, फार चांगलं गप्प राहू. आणि सुई धरायची वेळ आली की घाबरू. आणखी दहा वर्षांनी तर घाबरणंसुद्धा सुटेल, मग ट्रे आपल्याकडे कुणी आणणारच नाही, आणि त्याचं आपल्याला काही वाटणारही नाही. त्या 'काही वाटणार नाही'ची तिला एकदम धास्ती वाटली. माळ्यांचं पाणी संपलं. ती खाली उतरली ती थेट मेट्रनबाईंच्या खोलीकडे. शुक्रवारला अजून दोन दिवस होते, पण तिला स्वतःचा भरवसा नव्हता.

मेट्रनबाईंनी बदलीच्या कागदावर सही केली, कागद पुढं सरकवला, आणि म्हणाल्या, "सरांना तूच सांग. मी नाही सांगणार."

सर या वेळी दोन महिन्यांपासून वॉर्डात होते. नऊ वर्षांत त्यांच्या चार-पाच फेऱ्या झाल्या होत्या. बरे होत, घरी जात, पुतण्याकडे राहत, आणि मग बोलणं पुन्हा आटत जाई. आता बरे होते. नद्या काढत होते. शेवटच्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या खुर्चीत बसली. रजेवर जाताना पेशंटांना सांगायचं एक वाक्य तिच्याकडे तयार होतं, कितीदा वापरलेलं, पण ते ओठावर येईना. सरांनी एक नदी उगमापासून खाली आणली, तिला दोन उपनद्या जोडल्या, आणि पेन्सिल ठेवून म्हणाले, "तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"हो सर. माझी बदली झाली. वरती. उद्यापासून."

"परत कधी?"

"परत नाही. म्हणजे, माहीत नाही."

सरांनी मान हलवली. आवारात कुणीतरी पत्र्याची बादली ठेवल्याचा आवाज झाला. तिला वाटलं, हे आता गप्प होतील, आणि ते माझ्यामुळं होईल. आणि तिनं ते गप्प होणं वाटेल तेवढं सोसायचं ठरवलं. पण सर म्हणाले, "तुमच्या जागी कोण येणार?"

"बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टर आहेत. चांगल्या आहेत. हसऱ्या आहेत."

"हसऱ्या असू देत. त्यांना गप्प बसता येतं का?"

तिला हसू आलं. "शिकतील, सर."

"शिकतील," सर म्हणाले. "तुम्हालाही कुठं येत होतं? काय ती बडबड! लेकीचे सगळे दात मला पाठ झाले होते." मग ते कागदावर वाकले, आणि नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेशाच्या बारीक रेघा मारता मारता म्हणाले, "वरच्या लोकांना सांगा, तुमच्यावर ओरडू नका म्हणावं. तुम्ही उशिरा शिकता, पण शिकता."

त्या दिवशी कॉलेजातली मुलगी घरी गेली. तिला न्यायला आलेली मावशी पिशव्या भरत होती. मुलीनं जाताना बाही वर करून तिला हात दाखवला. डाग गेले होते. मावशीला वाटलं असेल, यांचं हे काय चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती तिसऱ्या मजल्यावर होती. तिला जिच्याबरोबर काम करायचं होतं त्या सिस्टरनं, तीच लाल उजेडाचं यंत्र धरणारी, तिला पंप दाखवला, बटणं दाखवली, तिनं ती वहीत लिहून घेतली, शाळेतल्यासारखी, एक, दोन, तीन असे आकडे घालून. पंप दोनदा उगाचच कोकलला आणि दोन्ही वेळा चूक तिचीच होती. पलंगावरचे पेशंट एक काका होते, पोटाचं ऑपरेशन दुपारी होतं, आणि ते भिऊन इतके बोलत होते की त्यांचं त्यांनाही थांबता येत नव्हतं. बरोबरची सिस्टर दुसरीकडे हाक आली म्हणून गेली. ट्रे पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेला होता. तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. काकांनी मुलाचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, शेजारच्यांच्या कुत्र्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली. हळूहळू ते सावकाश बोलायला लागले, मग थांबले. मग त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं: तिच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडे, मांडीवरच्या वहीकडे, त्यातल्या आकडे घातलेल्या ओळींकडे.

"सिस्टर, तुम्ही नवीन आहात का?"

एकोणीस वर्षं तिच्या जिभेवर आली. तिनं मांडीवरची वही मिटली.

"हो," ती म्हणाली. "आजच आलेय."